नव्वद सेकंदांचा वारा

आमच्या ध्वनिभांडारात एक नियम आहे. कुठलंही जुनं ध्वनिमुद्रण नव्वद सेकंद ऐकायचं, त्याचा वर्ग ठरवायचा, शिक्का मारायचा आणि पुढचं घ्यायचं. एक्याण्णवावा सेकंद ऐकला तर त्याला अतिश्रवण म्हणतात आणि त्याचा लेखी खुलासा द्यावा लागतो.

नियम उगाच झालेला नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी अफाट मुद्रणं करून ठेवली आहेत. त्यांना बहुधा एकमेकांचं ऐकायला वेळ नव्हता, म्हणून ते काम त्यांनी आमच्यावर सोपवलं. सुरुवातीला वर्गीकरण यंत्राकडे होतं. यंत्राने चार वर्षं इमानेइतबारे सगळं ऐकलं आणि प्रत्येक मुद्रणापुढे एकच शेरा मारला: 'तुम्हाला हेही आवडेल.' मग यंत्र उचललं आणि त्या जागी आम्हाला बसवलं. त्या काळचं गाणं सरासरी तीन मिनिटांचं, निम्मं ऐकलं की माणसाला पुरेसं कळतं, असा हिशेब. बऱ्याच गाण्यांचं तर दहा सेकंदांतच कळतं, पण सरकारी कामात घाई करून चालत नाही.

वर्ग एकूण सात: गाणं, वादन, भाषण, प्रार्थना, जाहिरात, यंत्राचा आवाज आणि हवामान. यातल्या हवामान वर्गाची सर्वोच्च तज्ज्ञ म्हणजे माझी सख्खी आत्या.

मी आत्याकडेच लहानाचा मोठा झालो. आज मी बावन्न वर्षांचा आहे, तरी ती मला ठोंब्या म्हणते आणि दारात उभं करून पाय पुसायला लावते. तिचा 'त्या दशकातला वारा' हा ग्रंथ तीन खंडांत आहे. भांडारातली चारशे बारा हवामान-मुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकून तिने सिद्ध केलं, की त्या शतकात आठ-दहा वर्षं अशी आली, जेव्हा हवा कमालीची बिघडली होती. सारखा वारा सुटे, लांबवर गडगडे, मध्येच घंटा वाजत, पाणी ठिबके आणि सीगल पक्षी ओरडत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वारा नेहमी डावीकडून उजवीकडे वाहायचा. हाच तो 'डावा वारा सिद्धांत'. सहावीच्या पुस्तकात आहे, पाच गुणांना येतो.

या सगळ्या तबकड्यांच्या वेष्टनांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रोग्रेसिव्ह रॉक' असं छापलेलं होतं. ते हवामान केंद्राचं नाव असावं, असं आमच्याकडे धरून चालत. एकाच केंद्रात इतकी वादळं कशी काय झाली, यावर आत्याने दुसऱ्या खंडात स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. वेष्टनांवरची चित्रं भूगोल विभागाकडे गेली होती. त्यातलं एक हवेत तरंगणारं बेट ते लोक अजून शोधतायत.

तर झालं असं, की भांडारातली जागा संपली. छाटणीचा ठराव झाला. कुणीतरी सुचवलं, की हवामानाची मुद्रणं वीस-वीस मिनिटांची आहेत, ती नव्वद सेकंदांवर आणली तर एक अख्खी भिंत मोकळी होईल. आत्याचं मत मागवलं. तिने लिहून दिलं: 'नव्वद सेकंदांनंतर वारा निराळं काही करत नाही. तो वाहतो. हरकत नाही.' खाली लफ्फेदार सही.

मूळ तबकड्या केव्हाच झिजून गेल्या. आमच्याकडे आहे तेवढी एकच प्रत. छाटली की गेली.

मुहूर्त ठरला शनिवारचा. त्याच दिवशी आत्याच्या पंच्याहत्तरीचा सत्कार होता. सत्कारमूर्तींच्याच हस्ते बटण दाबून पहिली छाटणी करायची, असं साहेबांना सुचलं. साहेबांना वर्षातून एकदा काहीतरी सुचतं आणि ते आम्हाला निस्तरावं लागतं.

छाटणीआधीची तपासणी माझ्याकडे आली. मंगळवारी दुपारी, जेवणानंतर, मी हेडफोन चढवले आणि एक मुद्रण लावलं. मंद वारा. डावीकडून उजवीकडे. लांब कुठेतरी पाणी. आता हे जेवणानंतर ऐकवायचं आणि वर माणसाने जागं राहावं अशी अपेक्षा करायची, हे काही बरोबर नाही. माझी मान पडली.

जाग आली ती दचकून. कानात ऑर्गन कोसळत होता. कुणीतरी देऊळभर आकाराचं वाद्य जिन्यावरून खाली ढकलून द्यावं आणि ते पडता पडता सुरात पडावं, तसं काहीतरी. त्याच्या मागून गिटार धावत आली. मग ढोल. मग एक माणूस अतिशय उंच आवाजात, अतिशय गंभीरपणे, कुठल्यातरी राजाबद्दल आणि नदीबद्दल गाऊ लागला. राजाचं नदीकडे काय काम होतं ते मला कळलं नाही. त्यालाही कळलं असेल असं वाटलं नाही. मी पायाने ठेका धरायला गेलो तर पाय दर खेपेला हवेत राहिला. मोजून पाहिलं. सात मात्रा निघाल्या. मोजणं जमलं म्हणून खूश झालो तोवर त्यांनी नऊ केल्या.

मी हेडफोन काढले नाहीत. तेवीस मिनिटांनी ते थांबलं तेव्हा माझा चहा गार झाला होता आणि शेजारच्या टेबलावरची कातरबाई माझ्याकडे टक लावून बघत होती. छाटणीयंत्र तीच चालवते, म्हणून कातरबाई. तिची जीभही त्याच कारखान्यातली आहे.

"काय हो," ती म्हणाली, "वारं लागलं का?"

"बाई, हे हवामान नाही."

"मग काय आहे?"

मी हेडफोन तिच्या कानाला लावले. तिने बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "यांच्या घरच्यांना माहीत होतं का, हे असं काही करतायत ते?"

संध्याकाळपर्यंत मी आणखी दहा ऐकली. एक सोडलं तर सगळीकडे सुरुवातीला दीड-दोन मिनिटं वारा, पाऊस, घंटा, एका ठिकाणी नुसते हृदयाचे ठोके, आणि त्यानंतर हे. चारशे बारा मुद्रणांवर चाळीस वर्षांत आमच्यापैकी बारा जणांनी शिक्के मारले होते. बाराही जण नियमाने नव्वदाव्या सेकंदाला उठले होते.

बुधवारी साहेबांनी बोलावलं. पुढ्यात माझ्या अतिश्रवणाची यादी होती.

"अकरा वेळा," साहेब म्हणाले. "बरं नाही का?"

"साहेब, हवामान वर्गात गाणी आहेत. लांबलचक गाणी. वारा संपला की ऑर्गन सुरू होतो."

साहेबांनी विचार केला. "वादळात काय काय उडून येतं."

"ऑर्गन, साहेब?"

"तेव्हाची वादळं मोठी होती. तिसरा खंड वाचा." मग त्यांनी चष्मा काढला. साहेब चष्मा काढतात तेव्हा माणसासारखे बोलतात. "हे बघा, तज्ज्ञांची सही आहे. तज्ज्ञांनी स्वतः मागे घेतली तर मी छाटणी थांबवतो, मला काय. पण त्या मागे घेतील कशा? म्हणजे सत्काराला उभं राहून म्हणायचं, की माझे तिन्ही खंड चुकले? तुमची आत्या आहे. तुम्ही सांगणार?"

"नाही," मी म्हणालो.

"शहाणे आहात."

तरी त्याच दिवशी पाच वाजता, भांडाराशी जोडलेलं ऐकण्याचं यंत्र काखेत घेऊन, मी आत्याच्या दारात पाय पुसत उभा होतो. सांगणार नव्हतोच. नुसतं ऐकवणार होतो. न सांगावं तर शनिवारी चारशे बारा मुद्रणं गेली, सांगावं तर आत्याची चाळीस वर्षं गेली. असल्या वेळी माणूस दुसऱ्याच्या कानाला हेडफोन लावतो आणि आपण खिडकीतून बाहेर बघतो.

आत्या खुर्चीत टेकून बसली. डोळे मिटले. वारा सुरू झाला आणि तिच्या चेहऱ्यावर जुन्या मैत्रिणीला भेटल्यासारखं हसू आलं.

"ताशी बारा," ती म्हणाली. "पश्चिमेचा. दुपारी चारचा सुमार. हवेत दमटपणा. बघ, आता उजवीकडे जाईल." वारा उजवीकडे गेला. "कधी चुकला नाही गं बाई माझा."

मी खिडकीतून बाहेर बघू लागलो.

नव्वद सेकंद झाले तसे सवयीने तिचे हात हेडफोनकडे गेले. मी म्हणालो, "थोडं थांब." तिला ऐकू गेलं नाही, पण मी हात धरलेला कळला. मग ऑर्गन आला. आत्या खुर्चीत सरळ झाली. मला वाटलं, ती हेडफोन काढून फेकणार. तिने ते दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले.

नवव्या मिनिटाला तिने डोळे न उघडता चहा कर अशी खूण केली. मी चहा घेऊन आलो तेव्हा तिचं एक बोट खुर्चीच्या हातावर पडत होतं. सात. सात. सात. नऊ. माझं चुकलं होतं तिथे तिचं चुकलं नाही.

"पुन्हा लाव," संपल्यावर ती म्हणाली.

पुन्हा तेवीस मिनिटं गेली. मग तिने हेडफोन मांडीवर ठेवले.

"वारा खोटा आहे."

"हो."

"कुठल्यातरी यंत्रातून काढलाय."

"हो, आत्या."

"आणि तो डावीकडून उजवीकडे जातो तो?"

"कुणीतरी बटण फिरवत बसलं असणार."

तिने मांडीवरचे हेडफोन उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "बाकीची?"

"अकरा ऐकली. दहांत हेच. एकात खरा वारा आहे."

"आहे?" तिचे डोळे चमकले.

"आहे. पण मागून एक माणूस ओरडतो, अरे दार लावा रे कुणीतरी."

आत्या हसली नाही. "आणि हे तू मला सत्काराच्या तीन दिवस आधी सांगतोयस."

"नंतर सांगितलं असतं तर ऐकवायला उरलं नसतं."

"ठोंब्या," ती म्हणाली, "घरी जा. ते यंत्र इथेच राहू दे."

गुरुवारी तिने फोन उचलला नाही. शुक्रवारी तिचा निरोप आला: 'उद्या वेळेवर ये. इस्त्री केलेला सदरा घाल.' त्यावरून काय समजायचं ते कातरबाईलाही विचारलं. ती म्हणाली, "सदरा घाला, एवढंच समजायचं." सही मागे घेतल्याचं पत्र काही आलं नव्हतं. कातरबाईने छाटणीयंत्राला तेल घातलं, पाती बसवली आणि मान वळवून म्हणाली, "मी बटण दाबत नाहीये हं. तुमच्या आत्याबाई दाबणार. नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका."

शनिवारी सभागृह भरलं होतं. सत्तर घडीच्या खुर्च्या, त्यांतल्या सहा बसल्यावर घडी होणाऱ्या. मंचावर टेबल, टेबलावर फुलांचा गुच्छ आणि एक लाल बटण. साहेबांनी प्रास्ताविक केलं. ते पाठ होतं, त्यामुळे मध्येच माईक बंद पडला तरी ते थांबले नाहीत. मग शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी डावा वारा सिद्धांत तोंडपाठ म्हणून दाखवला. टाळ्या झाल्या. आत्या मंचावर ताठ बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून हवामानाचा काही अंदाज येत नव्हता.

"आता बाईंच्या शुभहस्ते पहिली छाटणी," साहेब म्हणाले.

आत्या उठून बटणाजवळ गेली. "आधी ते ऐकवा," ती म्हणाली. "काय कापतोय ते लोकांना कळायला हवं."

मागणी रास्त होती. कातरबाईने मुद्रण लावलं. सभागृहात वारा सुटला आणि सत्तर माणसांच्या माना, शाळेत शिकवल्याप्रमाणे, डावीकडून उजवीकडे गेल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी समाधानाने डोळे मिटले. मी घड्याळ बघत होतो. ऐंशी सेकंद. पंच्याऐंशी. नव्वद झाले आणि साहेबांनी आत्याला मान हलवून खूण केली.

आत्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

साहेबांनी पुन्हा मान हलवली. त्यांना वाटलं, तिला दिसलं नाही. तिसऱ्यांदा हलवणार तेवढ्यात ऑर्गन आला.

पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांची घडी झाली. माणसं उठून उभी राहिली, पुन्हा बसली, एकमेकांकडे बघू लागली. साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. म्हणजे जवळजवळ कोसळलेच.

"हे अजून किती आहे?"

"एकवीस मिनिटं."

"थांबवता येईल?"

मी कातरबाईकडे बघितलं. ती यंत्राला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी होती. "नाही असं दिसतंय," मी म्हणालो.

पाचव्या मिनिटाला चार जण उठून बाहेर गेले. आठव्याला त्यांतले तीन परत आले आणि दाराशीच उभे राहिले. बासरी सुरू झाली तेव्हा साहेब कुजबुजले, "ही कोण आता?"

"बासरी."

"हिचा मूळ विषयाशी काय संबंध?"

"अजून कळायचंय, साहेब."

ढोलवाल्याने एकट्याने वाजवायला घेतलं आणि तो काही केल्या थांबेना, तेव्हा साहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी उजाडत होतं.

"अच्छा," ते हळूच म्हणाले. "म्हणजे आधी यांनी प्रस्ताव मांडला. मग प्रत्येकाने आपापलं म्हणणं मांडलं. बासरीने विषयांतर केलं, ते नोंदवून घेतलं. हा ढोलवाला वेळ जास्त घेतोय, पण त्याला कुणी तोडत नाहीये. आणि आता, ऐका हां, आता सगळे मिळून मूळ प्रस्तावावर येतायत."

"हो साहेब."

"फार शिस्तीची माणसं होती हो."

मी वाद घातला नाही. तेवढ्यात प्रचंड मोठा सूर लागला, झांजा वाजल्या आणि सगळं एकदम शांत झालं. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकून टाळ्या वाजवल्या. साहेब तर उभे राहून वाजवत होते. आत्याने माईक ओढला.

"बसा," ती म्हणाली. "संपलेलं नाही."

लोक बसले. त्या शांततेत एकच गिटार पुन्हा अगदी बारीक आवाजात सुरू झाली. यानंतरची सहा मिनिटं कुणी खुर्चीचा आवाज केला नाही. खरोखर संपलं तेव्हा कुणाचीच टाळी वाजवायची हिंमत झाली नाही. आत्याने "आता संपलं" असं सांगितलं, तेव्हा वाजल्या.

मग ती बोलली.

"हा वारा नाही. चाळीस वर्षं मी तुम्हाला वारा म्हणून सांगितलं. ही कुठल्याशा खोलीत जमलेली चार-पाच पोरं आहेत. लोकांनी बोलणं थांबवावं म्हणून त्यांनी दोन मिनिटं खोटा वारा केला. मी बोलणं थांबवलं, आणि नेमकं सुरू व्हायच्या आधी दरवेळी उठून गेले. डावा वारा सिद्धांत मी मागे घेते. छाटणीची सहीही मागे घेते, हे पत्र." तिने पत्र साहेबांच्या दिशेने धरलं. "गुच्छ ठेवून घेते. फुलं चांगली आहेत."

कुणी हसावं की नाही, ते कुणाला कळेना. मुख्याध्यापिकाबाईंनी हात वर केला.

"पण बाई, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मुलांनी डावा वारा पाठ केलाय."

"या वर्षी लिहू दे त्यांना. पूर्ण गुण द्या. चूक माझी आहे, पाठांतर त्यांचं आहे."

मागून एका गृहस्थाने विचारलं, "पण एवढं लांब कशाला करायचं? तीन मिनिटांत झालं नसतं?"

"मी दोन दिवसांत हे एकतीस वेळा ऐकलंय," आत्या म्हणाली. "मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मी मनातल्या मनात काय काय काढता येईल ते बघत होते. बासरी काढली तर नदी कोरडी होते. ढोल काढला तर पुढच्या शांततेचं काही वाटत नाही. राजाबद्दलच्या ओळी काढता येतील. त्या सपशेल वाईट आहेत. बाकी काही काढू देणार नाही मी."

साहेब पत्र हातात घेऊन उभे होते. "बाई, छाटणी रद्द, हे झालं. पण यांचा वर्ग कुठला? हवामान नाही म्हणता. गाण्यात बसत नाहीत, वादनात बसत नाहीत. मी यांच्यावर काय लिहू?"

"एवढ्यात काही लिहू नका. आधी ऐका."

"किती?"

"सगळी."

"चारशे बारा?"

"चारशे अकरा," आत्या म्हणाली. "एकात माणूस दार लावायला सांगतोय, ते खरोखर हवामान आहे. ते माझं."

ती मंचावरून उतरून माझ्या शेजारी बसली. हात गार पडले होते तिचे. मी धरले. ती म्हणाली, "सोड, लोक बघतायत," आणि स्वतः सोडले नाहीत.

दारात जेवणवाला येऊन उभा होता. पानं मांडून झाल्याचं त्याने खुणेनेच सांगितलं. माणसं अर्धवट उठली. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, लाल बटणाकडे बघितलं, मग कातरबाईकडे.

"पुढचं किती मिनिटांचं आहे?"

"एकोणीस," कातरबाई म्हणाली.

साहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि जेवणवाल्याला म्हणाले, "झाकून ठेवा."